देणे आणि देणगी

मराठीत 'देणे' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. क्रियापद म्हणून तो आला की त्यात औदार्य असते, आणि नाम म्हणून आला की त्यात कर्ज असते. 'त्यांनी दिले' असे म्हटले की ऐकणारा देणाऱ्याचे कौतुक करितो. 'त्यांचे देणे आहे' असे म्हटले की वाण्याची वही डोळ्यांपुढे उभी राहते. दाता आणि ऋणको या दोघांस एकाच शब्दाच्या दाव्याला बांधणारी ही भाषा ते अजाणतेपणी करीत असेल, असे आम्हांस वाटत नाही. 'देणगी' या शब्दाचे तसे नाही. त्यात देणाऱ्याची मर्जी आहे, घेणाऱ्याची कृतज्ञता आहे, समारंभ आहे, हारतुरे आहेत. कर्जाचा वास मात्र नाही. आज आम्हांस जे लिहावयाचे आहे ते या दोन खात्यांत झालेल्या एका मोठ्या गल्लतीविषयी.

आपल्या देशात २०१३ साली नवा कंपनी कायदा झाला आणि त्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेकडा दोन इतका भाग समाजकार्यावर खर्च करावा, असे हे कलम सांगते. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, ग्रामविकास अशा कार्यांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिली आहे. प्रारंभी खर्च न केल्यास अहवालात कारण लिहून सुटका होत असे; २०२१ च्या जानेवारीपासून ती वाट बंद झाली. पहिल्या वर्षी सर्व देशात या खाती सुमारे १०,००० कोटी रुपये खर्च झाले, आणि २०२२-२३ साली तो आकडा ३०,००० कोटींच्या घरात गेला. राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राच्या पदरी पडतो. या व्यवहाराला सरकारी मराठीत 'सामाजिक दायित्व' असे नाव आहे. बोलताना लोक 'सीएसआर' म्हणतात. 'दायित्व' हा शब्द आम्हांस फार आवडला. 'दाय' म्हणजे वारसाला न मागता मिळावयाचा वाटा. तेव्हा हे देणेच आहे, हे निदान नाव ठेवणाऱ्याने ओळखले होते. पुढे वार्षिक अहवालांत, समारंभांत आणि संगमरवरी पाट्यांवर त्याची देणगी होऊन बसली.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. कर्ज आणि करारनामा यांच्याशी आमचा संबंध 'मर्चंट ऑफ व्हेनिस' पलीकडे सहसा जात नाही. तथापि या विषयात आम्हांस शिरावे लागले ते वालावल गावामुळे. कुडाळ तालुक्यातील हे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांस वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांस आमच्या वर्णनाने ते दिसणार नाही. लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ, देवळाला लागून तळे, तळ्यात उतरलेली माडांची आणि डोंगराची छाया, आणि पलीकडे कर्ली नदी. नदी कोणती आणि खाडी कोणती हे येथे भरती-ओहोटीच ठरविते. सुट्टीत आम्ही या गावी येऊन राहतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांस तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे घेताना पाहतो.

पाहुण्यांचा डोळा जेथवर जात नाही तेथे नदीच्या अंगाला भातखाचरे आहेत, आणि खाचरे व खारे पाणी यांच्यामध्ये एका वाडीचा मातीचा बांध आहे. शहरातील माणसास बांध म्हणजे एकदा बांधून टाकावयाची वस्तू वाटते. खाडीचा बांध तशी वस्तू नव्हे. तो दरवर्षी करावा लागतो. पावसाळ्यात त्याची माती खचते, कुर्ल्या त्यात बिळे पाडतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याच बिळांतून पाणी आत शिरू लागते. बोटाएवढे बीळ वेळीच बुजविले नाही तर दोन-चार उधाणांत तेथे माणूस जाईल एवढे खिंडार पडते. एकदा खारे पाणी खाचरात आले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत, म्हणजे पुढील दोन-तीन वर्षे, त्या जमिनीत भात नीट धरत नाही. म्हणून कापणी झाली की घरटी एक माणूस टोपली-फावडे घेऊन बांधावर जावयाचा, असा वाडीचा जुना रिवाज होता. त्याला मजुरी नव्हती. तो घराघरावरचा भाग होता. देवळाच्या उत्सवात जसे घराण्याघराण्याला ठरलेले काम आणि ठरलेला मान, तसेच येथेही. दक्षिण कोकणात या व्यवस्थेला गावऱ्हाटी म्हणतात. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. काम ज्यांच्या वाट्याला अधिक त्यांच्या वाट्याला मान कमी, किंवा मुळीच नाही, असा तिचा हिशेब होता, आणि जातीचा दंडक त्याच्या मुळाशी होता. परंतु कोणाचे कोणाला काय लागते हे तीत सर्वांस ठाऊक असे; त्याकरिता अहवाल छापावा लागत नसे.

हा बांध आज सुमारे दोनशे हात खचलेला आहे. अतिवृष्टीने खचला असे कागदावर लिहिता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही. वाडीतील वृद्धांचे मत मात्र निराळे आहे. ते म्हणतात, बांध खचला तो माणसे मुंबईस गेली म्हणून.

या मताचा आम्ही जसजसा विचार करू लागलो तसतसे ते आम्हांस अधिकाधिक पटू लागले. मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची रांग लागली. गिरण्यांना हात हवे होते आणि कोकणच्या कातळावर पिकापेक्षा तोंडे अधिक होती. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि शेजारच्या सावंतवाडी संस्थानातून (कुडाळ त्या काळी याच संस्थानात होते) पिढ्यानुपिढ्या तरुण बोटीने मुंबईस गेले. एकेका खोलीत एकेका गावचे पंचवीस-तीस गडी पाळीपाळीने झोपत. खोली गावकीची, खानावळ गाववालीची, आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर. त्या मनिऑर्डरीवर कोकणातील घरे चालली, हे सर्व जण सांगतात. मनिऑर्डरीला बांध बांधता येत नाही, एवढे मात्र कोणी सांगत नाही.

मजुराला मजुरी मिळाली, तेव्हा हिशेब मिटला, असे म्हणून हा विषय संपविण्याची एक पद्धत आहे. अर्थशास्त्राचे आमचे सहकारी ती मोठ्या आत्मविश्वासाने वापरतात. परंतु मजुरी मिळते ती चालत्या हाताची. तो हात वयात येईपर्यंत त्याला वाढविले कोणी? तो आजारी पडला, संपात बेकार झाला, म्हातारा झाला, तेव्हा त्याला पोसले कोणी? गिरणीने तयार हात घेतला आणि थकलेला हात परत पाठविला. मधल्या अवधीचे तिने पैसे दिले; अलीकडचे आणि पलीकडचे टोक गावाने सांभाळले, आणि त्याचे बिल गावाने कधी लावले नाही. लावले असते तरी घेतले असते, असे नव्हे. आठवड्यातून एक दिवसाची सुटी हीसुद्धा मालकांनी आपण होऊन दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरविल्या, अर्ज केले, मजुरांचे मेळावे घेतले, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवार सोडला.

पुढची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. नुसता विरून गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मागे राहिली ती जमीन, सुमारे सहाशे एकर, मुंबईच्या पोटात. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनींचे तीन भाग सांगितले: एक महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक सरकारी घरबांधणीसाठी, एक मालकास. हा नियम म्हणजे आमच्या मते देणे ओळखण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न होता. २००१ साली त्यात दुरुस्ती होऊन तिसऱ्या हिश्शाचा हिशेब सगळ्या जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीवर करावयाचा ठरला. गिरणी म्हणजे बहुतांशी बांधकामच. तेव्हा वाट्याला काय उरले असेल याची कल्पना करण्यास गणिताची पदवी नको. उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती अमान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती ग्राह्य धरली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपास तीस वर्षे झाल्यावर. घरे होती सात हजारांच्या आत.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळी वाडी त्यांस तात्या म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. लालबागेतील एका गिरणीच्या साचेखात्यात त्यांची उमेदीची वीस वर्षे गेली. संपानंतर ते गावी आले ते परत गेले नाहीत. आता वय ऐंशीच्या पुढे, कानाने जरा कमी. त्याचे कारण ते साच्यांच्या आवाजाला देतात. गेल्या वर्षी वाडीने असे ठरविले की बांधाच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडे सीएसआरमधून पैसे मागावेत. कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याने विषयात काही भर पडणार नाही. तिची कचेरी पूर्वीच्या एका गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अर्ज इंग्रजीत हवा होता. तो लिहिण्याचे काम कोणाकडे येणार हे उघड होते. तात्या म्हणाले, "मास्तरानू, तुमका इंग्रजी येता, तुमीच लिवा."

आम्ही लिहिला. अदबशीर, मुद्देसूद, आणि आमच्या समजुतीप्रमाणे बऱ्या इंग्रजीत. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चार मंडळींस त्याचा मराठी मतलब वाचून दाखविला. 'आपल्या उदार देणगीची आम्ही प्रार्थना करितो' या वाक्याशी तात्यांनी हात वर केला.

"देणगी कित्याक लिवलास? तां आमचा येणा आसा."

देणगी कशाला लिहिलीत, ते आमचे येणे आहे! मंडळी हसली. कोणी म्हणाले, तात्या, ती कंपनी वेगळी, तुमची गिरणी वेगळी. त्या लोकांनी तुमचे काय घेतले? तात्या काही बोलले नाहीत. आम्ही मात्र त्या रात्री या प्रश्नावर बराच वेळ जागे होतो. ती कंपनी खरोखरीच वेगळी आहे. तिने गिरणी चालविली नाही, संप मोडला नाही, कोणाचा पगार बुडविला नाही. बाजारभावाने भाडे देऊन ती तेथे बसली आहे. न्यायालयात तात्यांचा दावा एक क्षणही टिकणार नाही. पण ऋणको नाहीसा झाला म्हणजे ऋण नाहीसे होते काय? गिरण्यांच्या नफ्यातून मुंबईचे भांडवल उभे राहिले, त्या भांडवलातून पुढचे उद्योग निघाले, आणि त्या शहराच्या पुंजीवर आज जो कोणी व्यापार करितो तो त्या पुंजीचा थोडासा वारसदार आहेच. दाय घ्यावा आणि दायित्व सोडावे, असे आपल्याकडे कोणत्याही स्मृतिकाराने सांगितलेले नाही; वडिलांच्या इस्टेटीबरोबर त्यांचे कर्जही येते.

हे सर्व अर्जात लिहिता येण्यासारखे नव्हते. अर्जाचा नमुना छापील होता. त्यात लाभार्थींची संख्या, एका लाभार्थीमागे येणारा खर्च, काम किती महिन्यांत पूर्ण होईल, आणि कंपनीच्या नावाचा फलक कोठे लावता येईल, असे रकाने होते. शेवटच्या रकान्याने आमची मोठी पंचाईत केली. मातीच्या बांधावर फलक लावावयाचा तर तो कांदळाच्या झाडांत लपणार आणि पहिल्या उधाणाला वाहून जाणार.

दोन महिन्यांनी उत्तर आले. उत्तर सभ्य होते. इंग्रजी आमच्याहून चांगले होते. त्यात तीन कारणे दिली होती. आपले गाव आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही. चालू वर्षी आमचा भर शाळांतील स्वच्छतेवर आहे. आणि ज्या कामाला दरवर्षी देखभाल लागते ते काम हाती न घेण्याचे आमचे धोरण आहे. या तिसऱ्या कारणाचे आम्हांस विशेष वाटले. माणसाच्या ज्या गरजा खऱ्या, त्या बहुतेक दरवर्षीच्या असतात. भात दरवर्षी लावावे लागते, मुले दरवर्षी जन्मास येतात. एकदाच देऊन मोकळे होता येईल अशी वस्तू म्हणजे यंत्र किंवा इमारत. जवळच्याच एका गावी शाळेत पाणी शुद्ध करण्याचे असे एक यंत्र आम्ही पाहिले. त्यातील गाळणी बदलावयास पैसे कोणी द्यावयाचे हे ठरले नाही म्हणून ते पडून आहे. त्यावरील दात्याच्या नावाची पाटी मात्र शिपाई रोज पुसतो.

पहिले कारण अधिक खोल आहे. कंपनी जेथे काम करिते तेथील परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. आणि ते एका दृष्टीने न्याय्य आहे. धूर ज्यांच्या अंगणात जातो, सांडपाणी ज्यांच्या ओढ्यात जाते, त्यांचे देणे आधी. पण मग वालावल हे कोणाचे परिसर? येथे धूर नाही, सांडपाणी नाही. येथून फक्त माणसे गेली. ज्या जिल्ह्यात कारखाने नाहीत त्याला कंपन्यांचा परिसर नाही, आणि ज्याला परिसर नाही त्याची गणना राहिलेल्या पैशांत. कायद्यात आणखीही एक कलम आहे. केवळ आपल्या नोकरांच्या हिताकरिता केलेला खर्च कंपनीला या खाती धरता येत नाही. कोणी म्हणेल, ही तर उलटी गोष्ट झाली. आम्हांस ती फार शहाणपणाची वाटते. नोकरांची काळजी घेणे हे मुळातच देणे आहे, ते समाजकार्य म्हणून मिरविता येणार नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे देणे आणि देणगी यांतील भेद कायद्यालाही ठाऊक आहे. मात्र नोकर थकून आपल्या गावी गेला की तो 'नोकर'ही राहत नाही आणि 'परिसर'ही होत नाही. तात्या या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून खाली पडलेले आहेत.

आम्ही कंपन्यांचे वैरी नाही, आणि शेकडा दोन टक्क्यांतून उभी राहिलेली रुग्णालये व शिष्यवृत्त्या यांना नावे ठेवण्याइतके कृतघ्नही नाही. कायद्याच्या पुष्कळ आधी काही उद्योगपतींनी हे देणे न सांगता ओळखले होते. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला; कायद्याला तेथवर येण्यास त्यानंतर तीसहून अधिक वर्षे लागली. बेळगावची आपली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकदमच मांडली. मालक आणि कामगार एकाच विहिरीचे पाणी पीत असले म्हणजे विहिरीचे काय झाले हे मालकास अहवालातून वाचावे लागत नाही. आणि लक्ष्मीनारायणाचे नाव निघालेच आहे तर वर्ध्याच्या लक्ष्मीनारायणाची आठवण होते. ते देऊळ जमनालाल बजाजांच्या घराण्याचे. १९२८ साली त्यांनी ते अस्पृश्यांस खुले केले. त्यात पैसा फार खर्च झाला नसेल. पण जमनालालजींनी दुसऱ्याचे देऊळ खुले करावयास देणगी दिली नाही, स्वतःचे उघडले, आणि सनातन्यांचा रोष स्वतःच्या अंगावर घेतला. गांधीजी ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत ती हीच असावी, असे आम्हांस वाटते. वार्षिक अहवालात हिचा रकाना कोठे?

आणि हा प्रश्न आपल्या एकट्याच्या देशाचाही नाही. मॉरिशस बेटाने आपल्या आधी, २००९ सालीच, कंपन्यांच्या नफ्याचा शेकडा दोन हिस्सा समाजकार्यास लावणारा कायदा केला. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे लोक मुंबई बंदरातून गेले, त्यांत याच रत्नागिरी-सावंतवाडी भागातील मराठे होते. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी नावे लावतात. साखरेच्या नफ्याचा काही अंश त्यांच्या पणतवंडांच्या शाळेपर्यंत पोहोचला तर उत्तमच. ते ज्या गावांतून गेले त्या गावांपर्यंत तो पोहोचेल असे मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

कायद्याला देणे ओळखता येतच नाही, असेही म्हणता येणार नाही, आणि त्याचे उदाहरण आमच्या अगदी शेजारी आहे. गोव्यातील लोखंडाच्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्यात खनिजाच्या विक्रीचा शेकडा दहा भाग एका कायम निधीत टाकावयास सांगितले. भूमीतील खनिज पुढल्या पिढ्यांचेही आहे, हे त्यामागील तत्त्व. पाहा, येथे नफ्याचा विचारच नाही! नफा झाला तर द्या, असे नव्हे. माल विकला की द्या. २०१५ साली केंद्र सरकारने खाणींच्या कायद्यात दुरुस्ती करून जिल्ह्याजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठाने काढली, आणि जुन्या खाणपट्ट्यांस स्वामित्वधनाच्या शेकडा तीस, नव्यांस शेकडा दहा इतकी जादा रक्कम त्यांत भरावयास लावली. ती खर्चावयाची कोठे, तर खाणीने बाधित झालेल्या गावांत. आमच्या जिल्ह्यात रेडी आहे, कळणे आहे. कळण्यास २०२१ च्या जुलैमध्ये खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटून पाणी आणि चिखल लोकांच्या बागायतीत शिरला. अशा वेळी बाधित कोण हे सांगावयास समिती लागत नाही, चिखलच सांगतो. या निधींचा पैसा सर्वत्र योग्य जागी जातो असे आमचे म्हणणे नाही. पण त्यात घेणेकरी कोण, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. सीएसआरमध्ये ऋणकोच आपला धनको निवडतो, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतो, आणि पुढल्या वर्षी दुसरा निवडतो. जगात अशा सवलतीचे कर्ज दुसरे नसेल.

जमिनीतील लोखंडाबद्दल जे न्यायालयास मान्य झाले ते गावातून गेलेल्या मनुष्यबळाबद्दल मान्य होण्यास काय अडचण आहे, हे आम्हांस समजत नाही. गिरण्यांचे दिवस गेले; पण आजही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, हॉटेलांत, रुग्णालयांत कोकणची, मराठवाड्याची, आणि त्याहून लांबची बिहार-ओरिसाची मुले आहेत. कंपन्यांच्या दप्तरी प्रत्येकाचा मूळ पत्ता लिहिलेला असतो. शेकडा दोनांपैकी निदान एक हिस्सा त्या पत्त्यांच्या प्रमाणात वाटावा, असा नियम करणे मोठेसे कठीण नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी यावर एकवीस हरकती सांगितल्या. त्यांतील दोन-तीन खऱ्या आहेत. विशेषतः कंत्राटदारामार्फत राबणाऱ्यांचे पत्ते कंपनीकडे नसतात, ही. पण पत्ता न ठेवणे हीच कंत्राटदारीची सोय आहे, आणि सोय ही काही हरकत होऊ शकत नाही.

शेकडा दोन म्हणजे किती, याचा विचार करताना आम्हांस कोकणातील शाळांच्या भिंती आठवतात. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी गिरणीच्या पगारातून वर्गण्या काढून गावोगाव शाळा, पाणवठे, देवळांचे मंडप बांधले. भिंतीवर नावे असतात आणि नावांपुढे पाच रुपये, अकरा रुपये असे आकडे. त्या वेळच्या महिन्याच्या पगाराशी ते आकडे ताडून पाहावेत. या मंडळींवर कोणत्याही कायद्याचे कलम लागू नव्हते.

वालावलच्या त्या वाडीचे मंडळ अजून आहे. सभासद आता गिरणीत नाहीत. कोणी बँकेत, कोणी रिक्षावर, कोणी मुलाकडे डोंबिवलीस. कंपनीचे उत्तर आल्यावर त्यांनी आपसांत वर्गणी केली आणि एप्रिलमध्ये पैसे पाठविले. पैसे आले, पण हात कोठून आणावयाचे? यंत्र खाडीच्या कडेपर्यंत जात नाही. वाट अरुंद, आणि एका बाजूस कांदळवन, ते तोडावयाचे नाही. शेवटी सतरा माणसे जमली. त्यांत पन्नाशीच्या आतली पाच, स्त्रिया नऊ. आम्हीही टोपली उचलली; पहिल्या दिवशी आमच्या श्वासाची अवस्था पाहून मंडळींनी आम्हांस चहाच्या किटलीवर नेमले. तात्या छत्री घेऊन बांधावर बसत आणि कुर्लीचे बीळ वरून बुजवू नये, आतल्या वळणापर्यंत खणून मग माती ठोकावी, हे मोठ्याने सांगत. हे ज्ञान आता वाडीत त्यांच्याखेरीज दोघांनाच आहे. एका मुलीने ते सर्व मोबाईलमध्ये उतरवून घेतले.

पावसापूर्वी नव्वद हात बांध झाला. उरलेल्या एकशे दहा हातांसाठी दुसऱ्या एका कंपनीकडे अर्ज गेला आहे. तिचा नमुना आठ पानांचा आहे, आणि देणगी हा शब्द आम्ही त्यात कोठेही येऊ दिलेला नाही. त्याच्या जागी काय घातले ते तात्यांस वाचून दाखविले. इंग्रजी त्यांस कळले नाही, पण त्यांनी तो शब्द दोनदा म्हणावयास लावला. जेथे बांध उघडा आहे तेथे त्यांनी बांबू रोवून त्यावर कोयत्याने वीतभर अंतराने खुणा केल्या आहेत. श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तिसऱ्या खुणेपर्यंत आले होते. आता अमावास्या चार दिवसांवर आहे.